रिसेट केल्यावर काही दिवसांनी झटका परत का येतो: ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ट्रक दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना झटका देतो, किंवा थांबायच्या बेतात असताना खालचा गिअर धाडकन पडतो. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून रिसेट केले जाते, म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने (त्याला चालवणाऱ्या संगणकाने) अनुभवातून शिकून साठवलेली मूल्ये पुसली जातात, ट्रक काही दिवस अगदी मऊ चालतो आणि मग तोच झटका, त्याच गिअरला, जवळजवळ त्याच वेगाला परत येतो. पुन्हा रिसेट होते, पुन्हा काही दिवस बरे जातात, पुन्हा झटका सुरू होतो. अखेरीस दोष कंट्रोल युनिटचाच असला पाहिजे असे ठरवून ते बदलण्यापर्यंत मजल जाते आणि नव्या युनिटवरही तेच घडते.

असे वारंवार घडत असेल तर त्याचा अर्थ बहुधा असा असतो की कंट्रोल युनिट आपले काम चोख करत आहे आणि गिअरबॉक्समध्ये, त्याच्या ऑइलमध्ये, वायरिंगमध्ये किंवा इंजिनाकडून येणाऱ्या माहितीत काहीतरी असे आहे, ज्याची भरपाई ते दर वेळी नव्याने करू पाहते. शिकलेली मूल्ये पुसणे ही दुरुस्ती नव्हे. ती झालेल्या भरपाईची नोंद नष्ट करणे आहे. निदानाच्या दृष्टीने तीच नोंद सर्वांत मोलाची असते, म्हणून ती पुसण्याआधी कशी वाचावी आणि पुसल्यानंतर तिच्याकडे कसे लक्ष ठेवावे यावरच येथे भर दिला आहे.

गिअरबॉक्स काय शिकतो

येथे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे देणारा भाग), ग्रहचक्री गिअर आणि ऑइलमध्ये बुडालेल्या बहुपट्टी क्लचच्या जोरावर चालणारा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अभिप्रेत आहे. अशा गिअरबॉक्समध्ये गिअर बदलणे म्हणजे एक क्लच सोडणे आणि त्याच क्षणी दुसरा धरणे. धरणाऱ्या क्लचच्या पिस्टनमागची पोकळी आधी ऑइलने भरावी लागते, मग प्लेट्स एकमेकींना टेकतात, मग त्या हळूहळू टॉर्क उचलू लागतात आणि शेवटी टर्बाइनचे, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमधल्या गिअरबॉक्सला फिरवणाऱ्या चाकाचे, फेरे नव्या गिअरच्या गुणोत्तराला येऊन मिळतात. हे सारे साधारण अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकते. भरण्याचा काळ थोडा जरी कमी पडला तरी जुना क्लच सुटलेला आणि नवा अजून धरलेला नाही अशी अवस्था येते आणि इंजिन क्षणभर मोकळे सुटून गुरगुरते. याउलट नवा क्लच लवकर धरला गेला तर दोन्ही क्लच एकाच वेळी गाडीला बांधून ठेवतात आणि चालकाला ब्रेक दाबल्यासारखा धक्का जाणवतो.

पिस्टनमागची ही पोकळी कायम सारखी राहत नाही. प्लेट्स झिजतात तसा पिस्टनचा प्रवास वाढतो आणि तेवढे अधिक ऑइल लागते. सील कडक होतात, सोलेनॉइडच्या (ऑइलचा दाब नियंत्रित करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) चुंबकीय गुणांत किंचित फरक पडतो, व्हॉल्व्ह आपल्या छिद्रात सैल होतात. शिवाय कारखान्यातून बाहेर पडणारे दोन गिअरबॉक्सही तंतोतंत सारखे नसतात. म्हणून कंट्रोल युनिट प्रत्येक गिअर बदलाच्या वेळी टर्बाइनचा वेग आणि आउटपुट शाफ्टचा वेग मोजते, अपेक्षित आलेखाशी त्याची तुलना करते आणि पुढच्या वेळेसाठी भरण्याचा काळ किंवा दाब अगदी थोडा कमी-जास्त करून ठेवते. ही पद्धत काही आजची नाही: क्रायस्लर कंपनीने १९८९ साली आपल्या चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये ती आणली, आणि तेव्हापासून प्रत्येक क्लचला किती ऑइल लागते हा आकडा झिजेचे माप म्हणून वाचण्याची सोय मेकॅनिकला मिळाली. १९९१ साली आलेल्या अ‍ॅलिसनच्या वर्ल्ड ट्रान्समिशन मालिकेपासून जड वाहनांतही ती रुळली. नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त झालेल्या गिअरबॉक्ससाठी मोठ्या पावलांनी शिकण्याची जलद अवस्था आणि त्यानंतर आयुष्यभर चालणारी संथ अवस्था, अशा दोन अवस्था अशा गिअरबॉक्समध्ये असतात.

शिकण्यासाठी अटीही असतात. ऑइल ठरावीक तापमानाच्या पट्ट्यात असले पाहिजे, अ‍ॅक्सिलरेटर बदलाच्या काळात स्थिर राहिला पाहिजे आणि सेन्सरचे संकेत स्वच्छ आले पाहिजेत. या अटी न पाळल्या गेलेला बदल कंट्रोल युनिट हिशेबात धरत नाही. त्यामुळे जो ट्रक दिवसभर फक्त छोट्या फेऱ्या मारतो, ज्याचे ऑइल कधी पुरते तापतच नाही, तो महिनोन् महिने काहीच शिकत नाही असेही होऊ शकते. प्रत्येक मूल्याला वरची आणि खालची मर्यादाही आखलेली असते. ती गाठली की पुढे भरपाई होत नाही.

गिअर कोणत्या वेगाला बदलायचा हा निर्णय मात्र वेगळा आहे. ट्रक रिकामा आहे की भरलेला, चढ आहे की उतार, याचा अंदाज कंट्रोल युनिट इंजिनाचा टॉर्क आणि प्रत्यक्ष मिळालेली गती यांवरून बांधते आणि त्याप्रमाणे बदलाचा क्षण पुढे-मागे सरकवते. हे जुळवून घेणे काही सेकंदांचे असते, साठवून ठेवलेले नसते आणि रिसेटशी त्याचा फारसा संबंध नाही. चढावर गिअर सतत वर-खाली होत राहतो, ही तक्रार या दुसऱ्या गटातली आहे. तिच्यासाठी क्लचच्या मूल्यांकडे बघण्याआधी अ‍ॅक्सल गुणोत्तर, टायरचा आकार आणि निवडलेला चालन-मोड कंट्रोल युनिटमध्ये बरोबर भरले आहेत की नाही ते पाहावे.

मऊ बदल म्हणजे निरोगी बदल नव्हे

या संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त फसवणूक या एका गोष्टीने होते. झटका हा अनेकदा मूळ आजार नसून घसरणीवर कंट्रोल युनिटने केलेला इलाज असतो. समजा एखाद्या क्लचच्या सीलमधून ऑइल गळत आहे. क्लच वेळेवर भरत नाही, टर्बाइन क्षणभर मोकळे सुटते, कंट्रोल युनिटला ते दिसते आणि ते पुढच्या वेळी जास्त दाब, जास्त काळ देते. असे करत करत दाब इतका वाढतो की एखाद्या वेळी गळती कमी असताना तोच क्लच आदळून धरला जातो. चालक झटक्याची तक्रार करतो, आपण रिसेट करतो, दाब मूळ पातळीवर येतो आणि ट्रक मऊ चालू लागतो. प्रत्यक्षात त्या मऊ दिवसांत क्लच पुन्हा घसरत असतो आणि प्लेट्स तापत असतात. पारड्याखाली काहीतरी चिकटलेले असताना नुसता काटा शून्यावर आणून ठेवण्यासारखेच हे आहे; वजन पुन्हा चुकणारच.

म्हणून रिसेटनंतर ट्रक छान चालला हा निदानाचा पुरावा धरू नये. भरलेल्या ट्रकवर तर रिसेट करून लगेच कामाला पाठवणे मला सरळसरळ धोक्याचे वाटते, कारण मूळ मूल्ये या झिजलेल्या गिअरबॉक्ससाठी नसतात आणि पूर्ण टॉर्कखाली होणारी प्रत्येक घसरण प्लेट्सच्या आयुष्यातून वजा होते.

पुसण्याआधी काय नोंदवावे

सर्वप्रथम सक्रिय आणि जुने असे सर्व फॉल्ट कोड, कोड आला त्या क्षणी साठवली गेलेली (गोठवलेली) माहिती आणि उपलब्ध असतील तेवढी शिकलेली मूल्ये उतरवून घ्यावीत. काही स्कॅनर प्रत्येक बदलाचे वेगळे मूल्य दाखवतात, काही प्रत्येक क्लचचे, तर काही फक्त शिकणे पूर्ण झाले आहे की नाही एवढेच सांगतात. जे मिळेल ते तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवावे. बॅटरीची तार काढून मूल्ये पुसली जातील या समजुतीवरही विसंबू नये. जुन्या काही प्रणालींत ती पुसली जात, पण अलीकडच्या बहुतेक कंट्रोल युनिटमध्ये ती वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत असतात. याच कारणाने दुसऱ्या ट्रकचे वापरलेले कंट्रोल युनिट तात्पुरते लावून पाहणे ही चाचणी दिशाभूल करणारी ठरते, कारण ते आपल्याबरोबर आधीच्या गिअरबॉक्सची झीज शिकून आलेले असते.

त्यानंतर रस्त्यावरची चाचणी घ्यावी. इंजिनाचा वेग, टर्बाइनचा वेग, आउटपुटचा वेग, मागितलेला गिअर, ऑइलचे तापमान आणि अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती एवढ्याच गोष्टी नोंदीसाठी निवडाव्यात. एकाच वेळी वीस-तीस गोष्टी निवडल्या तर साधा स्कॅनर सेकंदाला दोन-तीनच वाचने देतो आणि अर्ध्या सेकंदात घडून गेलेली घसरण दोन वाचनांच्या मधल्या फटीत हरवते. नोंद स्वच्छ दिसते, मेकॅनिक निर्धास्त होतो आणि चूक तेथेच होते.

आलेख कसा वाचावा ते एका उदाहरणाने पाहू. सहा गिअरच्या अ‍ॅलिसन ३००० मालिकेच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.८६ आणि तिसऱ्याचे १.४१ असते. आउटपुट शाफ्ट मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये टर्बाइन १८६० फेऱ्यांवर असते आणि बदल पूर्ण झाल्यावर ते १४१० वर उतरले पाहिजे. उतरण्याआधी ते १९५० किंवा २००० पर्यंत वर उसळले, तर सोडणारा क्लच लवकर सुटला किंवा धरणारा उशिरा धरला. उसळी न मारता टर्बाइन आणि आउटपुट दोन्हींचे वेग एकदम दबले, तर दोन्ही क्लच एकाच वेळी धरले गेले. उसळी नाही, दबणे नाही, उतार मात्र कड्यासारखा उभा आहे, तर दाब जास्त आहे. आणि झटका बसलेला असतानाही आलेख सुरेख उतरलेला असेल, तर गिअरबॉक्सला सोडून मागे प्रोपेलर शाफ्टकडे जावे. क्रॉस, सेंटर बेअरिंग, कोरडा पडलेला स्लिप जॉइंट, डिफरन्शियलमधला जास्तीचा ढिलेपणा, सैल झालेले इंजिन माउंटिंग किंवा मागच्या अ‍ॅक्सलचे यू-बोल्ट यांपैकी काहीही चालकाला हुबेहूब गिअरच्या झटक्यासारखे भासू शकते. थांबल्यावर, गाडी पूर्ण उभी राहून सेकंदभराने येणारा मागचा ठोका तर बहुधा स्लिप जॉइंटचाच असतो, आणि तेथे ग्रीसच्या पंपाने होणारे काम स्कॅनरने होत नाही.

कोणता क्लच, ते गिअरच सांगतात

एकाच बदलाला त्रास होतो की अनेक बदलांना, ही माहिती चालकाच्या बोलण्यातून सहसा नीट मिळत नाही. ती चाचणीतून काढावी लागते. त्यासाठी त्या गिअरबॉक्सचा क्लच-तक्ता हाताशी ठेवावा. वरच्या उदाहरणातल्या गिअरबॉक्समध्ये पाच क्लच असतात. पहिल्या गिअरला सी१ आणि सी५, दुसऱ्याला सी१ आणि सी४, तिसऱ्याला सी१ आणि सी३, चौथ्याला सी१ आणि सी२, पाचव्याला सी२ आणि सी३, सहाव्याला सी२ आणि सी४, रिव्हर्सला सी३ आणि सी५, तर न्यूट्रलमध्ये एकटा सी५ धरलेला असतो.

आता दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना सी४ सुटतो आणि सी३ धरतो. याच बदलाला झटका किंवा उसळी येत असेल तर चौथ्यावरून पाचव्याचा बदल पाहावा, कारण तेथेही सी३ धरतो, पण सुटतो तो सी१. न्यूट्रलमधून रिव्हर्समध्ये टाकतानाही सी५ आधीच धरलेला असल्यामुळे सी३ एकटाच धरावा लागतो. या तिन्ही ठिकाणी त्रास असेल तर संशय सी३ च्या पिस्टन, सील, प्लेट्स किंवा त्याच्या सोलेनॉइडवर केंद्रित होतो. फक्त दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातानाच त्रास असून पाचवा आणि रिव्हर्स निर्दोष असतील, तर सी४ सुटण्यात गडबड आहे का हे पाहावे आणि त्यासाठी दुसऱ्यावरून पहिल्यावर येण्याचा बदल तपासावा, कारण तेथेही सी४ च सुटतो. अशी दोन-तीन बदलांची उलटतपासणी केली की गिअरबॉक्स न उघडता संशयित एक-दोन भागांपर्यंत आणता येतो. दुसऱ्या बनावटीच्या गिअरबॉक्सचा तक्ता वेगळा असेल, पण रीत हीच.

एकच मूल्य सरकते की सगळी

उतरवून घेतलेली मूल्ये आता कामाला येतात. पाच क्लचपैकी एकाचेच मूल्य इतरांपासून दूर सरकले असेल तर कारण त्या क्लचपुरते आहे: झिजलेल्या प्लेट्स, फाटलेला सील, अडकणारा व्हॉल्व्ह, कचरा बसलेली सोलेनॉइडची जाळी. पण सगळीच मूल्ये एकाच दिशेने सरकली असतील तर क्लच उघडून काही मिळणार नाही. सगळ्यांना समान असलेले काहीतरी बिघडले आहे. मुख्य दाब, ऑइलची पातळी किंवा प्रकार, तापमानाचा सेन्सर, इंजिनाकडून येणारा टॉर्कचा आकडा, कंट्रोल युनिटचा वीजपुरवठा ही ती समान कारणे.

रिसेटनंतरची वाटचाल तर याहून जास्त बोलते. रिसेट करायचेच असेल तर केल्यानंतर पहिल्या दिवशी, काही दिवसांनी आणि झटका परत आल्यावर अशी किमान तीन वेळा मूल्ये वाचावीत. ती मूळ पातळीजवळच स्थिरावली आणि त्रासही परतला नाही, तर आधीचे शिकणे चुकीच्या परिस्थितीत झालेले होते. उदाहरणार्थ, ऑइल कमी असताना ते झाले आणि नंतर ऑइल भरले गेले. मूल्ये हळूहळू पण ठामपणे आधीच्याच जागी परत गेली, तर गिअरबॉक्स खरोखर तसाच आहे आणि कंट्रोल युनिट खरे तेच सांगत आहे. आणि मूल्ये कधी वर, कधी खाली अशी भटकत राहिली, तर दोष येणारा-जाणारा आहे: सैल कनेक्टर, वेगाच्या सेन्सरच्या संकेतातला गोंधळ किंवा ऑइलमध्ये मिसळणारी हवा. वारंवार रिसेट करणाऱ्या वर्कशॉपला हा फरक कधीच कळत नाही, कारण तेथे वाचन होत नाही, फक्त पुसणे होते.

ऑइल

समान कारणांमध्ये पहिला मान ऑइलचा. पातळी कमी असेल तर चढावर, जोरात ब्रेक मारताना किंवा वळणावर पंपाच्या तोंडाशी हवा जाते. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही, त्यामुळे क्लच भरण्याचा काळ दर वेळी वेगळा निघतो. पातळी जास्त असली तरी फिरणारे गिअर ऑइल घुसळून फेस करतात आणि परिणाम तोच होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पातळी सपाट जागेवर आणि निर्माता सांगतो त्याच स्थितीत तपासावी. बहुतेक ट्रकमध्ये त्यासाठी इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि ऑइल कामाच्या तापमानाला असावे लागते. थंड ऑइलची पातळी गरम ऑइलच्या खुणेपर्यंत भरली तर तापल्यावर ती हमखास जास्त होते.

ऑइलचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण क्लचच्या प्लेट्स किती घासून किती पटकन धरतील हे ऑइलमधल्या घर्षण-नियंत्रक रसायनांवर ठरते. निर्मात्याने नेमून दिलेल्या प्रकाराऐवजी दुसरे ऑइल मिसळले तर कंट्रोल युनिट नव्या घर्षणाशी जुळवून घेऊ लागते आणि पुढच्या ऑइल बदलाला पुन्हा उलट दिशेने. जळका वास आणि काळपट रंग प्लेट्स तापल्याचे सांगतात. ऑइल दुधाळ दिसले तर कूलरमधून शीतक आत आले आहे. मग शिकलेल्या मूल्यांची चर्चा थांबवून कूलर तपासावा, कारण पाणी आणि ग्लायकॉल शोषून प्लेट्सचे घर्षण-अस्तर सुटू लागते आणि नुसते ऑइल बदलून ते परत चिकटत नाही.

संकेत आणि वीज

कंट्रोल युनिट जे मोजते त्यावरूनच शिकते. टर्बाइनच्या वेगाच्या सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा भुसा चिकटला असेल, त्याची तार घासून सोलली गेली असेल किंवा अर्थिंग कच्चे असेल, तर न झालेली उसळी झाल्यासारखी दिसते आणि निरोगी क्लचला विनाकारण जास्त दाब शिकवला जातो. स्थिर वेगाने एकाच गिअरमध्ये, लॉकअप क्लच (इंजिन आणि टर्बाइन यांना थेट जोडणारा) लागलेला असताना ट्रक चालवून इंजिन आणि टर्बाइन यांच्या वेगांच्या रेषा एकमेकींवर बसतात का ते पाहावे. त्या वेळी टर्बाइनची रेषा एकटीच थरथरत असेल तर सेन्सर आणि त्याची तार आधी दुरुस्त करावी.

अर्थिंग मीटरने, आणि तेही भार चालू असताना तपासावे. दिवे, पंखा, हीटर लावून कंट्रोल युनिटच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत अर्धा व्होल्ट घट दिसली, तरी ती सोडून देण्यासारखी नाही. गिअरबॉक्सजवळचा मोठा कनेक्टर उघडून आत ऑइल आले आहे का तेही पाहावे. तारेच्या आतल्या बारीक धाग्यांमधून ऑइल चढत चढत लांबच्या कनेक्टरपर्यंत पोहोचते, आणि कोठे काही गळताना दिसत नाही म्हणून तेथे कोणी शोधत नाही.

तापमानाच्या सेन्सरची चाचणी फुकटची आहे. ट्रक रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी इंजिन सुरू न करता स्विच चालू करावा. गिअरबॉक्सचे ऑइल, इंजिनाचे शीतक आणि बाहेरची हवा यांचे आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. गिअरबॉक्सचा आकडा बराच वेगळा असेल तर कंट्रोल युनिट थंड ऑइलला गरम समजून किंवा उलट समजून शिकत आहे.

इंजिनाने दिलेला आकडा

क्लचला किती दाब द्यायचा हे ठरवण्यासाठी गिअरबॉक्सला इंजिनाचा टॉर्क कळावा लागतो, आणि तो त्याला मोजता येत नाही. आधुनिक ट्रकमध्ये तो आकडा एसएई जे१९३९ या जड वाहनांच्या प्रमाणित पद्धतीच्या डेटा-वाहिनीवरून इंजिनाच्या कंट्रोल युनिटकडून येतो. इंजिन जास्त ताकद देत असून आकडा कमी सांगत असेल तर दाब कमी पडतो आणि क्लच घसरतो. बाहेरून टाकलेल्या ताकद वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरचे हे नेहमीचे फळ आहे. टर्बोच्या नळीतून हवा गळत असेल तर उलटे घडते: सांगितलेला टॉर्क प्रत्यक्षात मिळत नाही, दाब गरजेपेक्षा जास्त राहतो आणि बदल कठीण होतात. याशिवाय बदलाच्या क्षणी गिअरबॉक्स इंजिनाला टॉर्क थोडा आवरायला सांगतो. ही विनंती पाळली जात नसेल तर प्रत्येक वरच्या बदलाला झटका येईल, सर्व क्लचची मूल्ये एकत्र सरकतील आणि गिअरबॉक्स मात्र निर्दोष असेल. इंजिनाचे फॉल्ट कोड न वाचता गिअरबॉक्स उतरवणे म्हणून चुकीचे आहे.

इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर (वेग आवरणारे जादा साधन) चालू असताना खाली येणारे गिअर मुद्दाम लवकर आणि जोरात पडतात, कारण तेथे वेग धरून ठेवणे हाच हेतू असतो. तक्रार फक्त अशा वेळची असेल तर स्विच बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. सकाळचा पहिला बदलही निदानात धरू नये; रात्रभरात नलिकांमधून ऑइल निथळून गेलेले असते.

गरम-थंडीचा फरक मात्र अवश्य नोंदवावा. थंडपणी ठीक आणि तापल्यावर त्रास, असे असेल तर पातळ झालेले ऑइल झिजलेल्या व्हॉल्व्हच्या किंवा सीलच्या फटीतून निसटत आहे. थंडपणी त्रास आणि तापल्यावर आराम, असे असेल तर कडक झालेले सील किंवा चुकीच्या घट्टपणाचे ऑइल यांचा विचार करावा.

क्लचचे पेडल नसलेले सर्वच ट्रक या प्रकारचे नसतात. साध्या गिअरबॉक्सवर यांत्रिक हात बसवलेल्या एएमटी ट्रकमध्ये एकच कोरडा क्लच असतो. तेथे शिकले जाते ते क्लच नेमका कोठे धरू लागतो ते स्थान आणि गिअर सरकवणाऱ्या दांड्यांची टोके. तेथे झटका परत येत असेल तर क्लच-प्लेटची झीज, हवेचा दाब आणि अ‍ॅक्च्युएटरची गळती आधी तपासावी. वरचे क्लच-तक्त्याचे गणित तेथे लागू नाही.

दुरुस्तीनंतरचे रिसेट

कारण सापडून दूर झाल्यावर रिसेट करणे योग्य, किंबहुना आवश्यक असते. प्लेट्स, व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड किंवा कंट्रोल युनिट बदलले असेल तर जुनी मूल्ये नव्या भागांना लागू पडत नाहीत. झिजलेल्या क्लचसाठी शिकलेला भरण्याचा लांब काळ नव्या प्लेट्सवर आदळला तर पहिल्याच दिवशी ट्रक उसळ्या मारतो. निर्मात्याने दिलेली पद्धत असेल तर तीच पाळावी. सर्वसाधारण क्रम असा: ऑइल कामाच्या तापमानाला आणावे, ब्रेक दाबून न्यूट्रलमधून ड्राइव्ह आणि न्यूट्रलमधून रिव्हर्स असे बदल थांबून थांबून अनेकदा करावेत, मग रिकाम्या ट्रकने हलका आणि अगदी स्थिर अ‍ॅक्सिलरेटर ठेवून सर्व गिअरांतून वर जावे आणि ब्रेक न मारता शक्य तितके घरंगळत खाली यावे. प्रत्येक बदल सुरळीत होईपर्यंत हे करावे, नंतर अ‍ॅक्सिलरेटर थोडा वाढवून पुन्हा करावे. बदलाच्या मध्येच पाय हलला तर तो बदल शिकण्यातून वगळला जातो, म्हणून या कामाला घाईचा चालक देऊ नये. शिकणे पुरते झाल्याचे स्कॅनरवर दिसल्यावरच ट्रकवर माल चढवावा.

त्या दिवसाची मूल्ये ट्रकच्या नोंदवहीत लिहून ठेवावीत आणि प्रत्येक ऑइल बदलाला त्यांच्याशेजारी नवी लिहावीत. सर्व संकेत, ऑइल आणि मुख्य दाब निर्दोष असूनही एखाद्या क्लचचे मूल्य मर्यादेला टेकलेले असेल आणि तेथून हलत नसेल, तर गिअरबॉक्स उघडण्यावाचून पर्याय नाही. तेव्हा ही नोंदवही, रस्त्यावरच्या चाचणीचे आलेख आणि संशयित क्लचचे नाव उघडणाऱ्या माणसाच्या हाती द्यावे, म्हणजे तो त्या क्लचच्या पिस्टनमागचे सील आणि प्लेट्समधले अंतर जोडणीपूर्वी मोजून पाहील.